सॅलडमध्ये चीज घालताय? मग मीठ जरा थांबवा

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की थंडी सरता सरता आणि खरा उन्हाळा पेटायच्या आधी बाजारात जे कोवळं कोवळं येतं त्यावर थोडं चीज घातलं की रात्रीचं अख्खं जेवण होतं, आणि त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आलेत की यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त त्यांचीच उत्तरं देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं फार लांब होती ती कापलीत, रागावू नका.

ताई, मी काकडी, टोमॅटो, कांदा आणि फेटा (ते ग्रीसचं खारं चीज) घालून सॅलड करते पण टेबलावर नेईपर्यंत खाली पाण्याचं तळं होतं आणि शेवटचे घास तर खारट ढाण लागतात. रेस्टॉरंटमध्ये असं होत नाही, ते काय करतात? (पुणे)

अहो ते काही जादू करत नाहीत, ते मीठ शेवटी घालतात आणि चीज असेल तर बऱ्याचदा घालतच नाहीत. आपली सवय पडलीये कोशिंबिरीची. चिरलं की मीठ, साखर, लिंबू, कूट, वरून फोडणी, आणि त्यात सुटलेलं पाणी दह्यात नाहीतर दाण्याच्या कुटात जिरतं म्हणून ते खपून जातं. सॅलडमध्ये ते पाणी जिरवायला कुणी नाही. शिवाय फेटा मुरतोच मुळी मिठाच्या पाण्यात, निदान दोन महिने, म्हणजे त्याच्या अंगातच भरपूर मीठ असतं आणि तुम्ही ते दुसऱ्यांदा घालताय. माझं एकच म्हणणं आहे आणि आजच्या निम्म्या प्रश्नांना तेच लागू पडेल, की चीज हेच सॅलडचं मीठ समजायचं. चीज घालायचं, हलकं हलवायचं, एक घास खाऊन बघायचा, मग वाटलंच तर चिमूटभर.

पाण्याचं म्हणाल तर काकडी उभी चिरून मधल्या बिया चमच्याने खरवडून टाका, टोमॅटोचाही मधला गर काढा (तो आमटीत जाऊ दे, फेकू नका), आणि धुतलेली पानं असतील तर पंचात गुंडाळून चांगली कोरडी करा. ओल्या पानाला तेल धरतच नाही, सगळं ड्रेसिंग ताटलीच्या तळाशी जाऊन बसतं. फेटाचा आधीच चुरा करू नका. ग्रीसमध्ये अशाच काकडी-टोमॅटोच्या गावरान सॅलडवर फेटाची अख्खी वडी ठेवतात, वर ओरेगॅनो आणि ऑलिव्ह ऑइल, आणि खाणारा आपापल्या काट्याने ती मोडत खातो.

आणि खरं सांगू का, ते टोमॅटोचं सॅलड त्यांच्याकडे उन्हाळ्यातलं. वसंतात, ईस्टरच्या सुमारास, ते मारूलोसालाता करतात, म्हणजे लेट्यूस बारीक चिरून त्यात कांद्याची पात आणि भरपूर शेपू, वर लिंबू नाहीतर व्हिनेगर आणि तेल. हो, शेपू! आपल्याकडे शेपूची भाजी म्हटली की निम्मं घर नाक मुरडतं, पण कच्चा कोवळा शेपू लिंबासोबत अगदी वेगळा लागतो. लेट्यूसचा छोटा गड्डा, चार-पाच कांद्याच्या पाती, मूठभर शेपूची फक्त पानं, दांडे नकोत, आणि वर फेटा. तुमच्या टोमॅटोपेक्षा हे आत्ता या दिवसांत करून बघा, यात पाणी सुटायचा प्रश्नच फारसा येत नाही.

आमच्या सासूबाई कडक शाकाहारी आहेत, त्यांनी कुठेतरी ऐकलं की चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी असतं, तेव्हापासून घरात चीज बंद. हे खरं आहे का? (नाशिक)

काही चीजच्या बाबतीत अगदी खरं आहे, सासूबाईंचं चुकत नाहीये. दूध जमवायला रेनेट लागतं आणि पारंपरिक रेनेट वासराच्या नाहीतर कोकराच्या जठरातून काढतात. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो तर नियमानेच वासराच्या रेनेटचं असावं लागतं, दुसरं वापरलं तर ते नावच लावता येत नाही. पेकोरिनो रोमानोला कोकराचं. त्यामुळे रेस्टॉरंटमध्ये सॅलडवर किसून मिळतं ते खरं पार्मेजान असेल तर ते शाकाहारी नाही, मग मेन्यूवर हिरवा ठिपका काहीही म्हणो.

पण आपल्याकडे बनणारं बहुतेक चीज मायक्रोबियल रेनेटचं असतं, म्हणजे बुरशीपासून वगैरे तयार केलेलं. पाकिटावर हिरवी खूण असेल तर निर्धास्त घ्या, इम्पोर्टेड असेल तर मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. फेटा, हलुमी यात दोन्ही प्रकार मिळतात, तिथे वाचावंच लागतं. आणि पनीर, चक्का यात तर रेनेटचा संबंधच नाही, पनीर लिंबाने फाटतं आणि चक्का म्हणजे टांगलेलं दही. सासूबाईंना सांगा पाडव्याच्या श्रीखंडाला जो चक्का बांधतो त्यातलाच वाटीभर बाजूला काढला, त्यात पाव चमचा मीठ घातलं आणि अजून एक रात्र फ्रीजमध्येच फडक्यात बांधून ठेवला की लेबनॉन, सिरियाकडे ज्याला लबने म्हणतात तसंच ते होतं. काकडीचे काप, पुदिना, थोडा भाजलेला तीळ, मध्ये हा खारा चक्का, वर तेलाची धार. यात त्यांना काही आक्षेपार्ह सापडणार नाही.

आमच्याकडे फेटा मिळत नाही आणि मिळाला तरी परवडत नाही, पनीर घातलं तर सॅलड मिळमिळीत लागतं. काही उपाय? (नागपूर)

पनीर मिळमिळीत लागणारच कारण त्यात मीठ नाही. मग ते घाला की आत! एक वाटी पाणी उकळून गार करा, त्यात दोन सपाट छोटे चमचे मीठ, एका लिंबाचा रस, लिंबाच्या सालीचा पिवळा भाग दोन-तीन पट्ट्या, लसणाची ठेचलेली पाकळी. पनीरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे त्यात बुडतील असे घालून काचेच्या बरणीत रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी आंबट-खारट, बाहेरून किंचित घट्ट झालेलं पनीर मिळतं, फेटा नव्हे पण फेटाची जागा ते व्यवस्थित चालवतं. तीन-चार दिवसांत संपवा. पनीर मात्र दाबून कोरडं झालेलं घ्या, मऊ लुसलुशीत मलई पनीर पाण्यात फुटतं आणि मग बरणीत नुसता गढूळ प्रकार होतो.

आता यासोबत काय, तर तुमच्याकडे सोलाणे मिळतात ना अजून? ओल्या हरभऱ्याचे दाणे. रोममध्ये 1 मेच्या सुट्टीला लोक डबे घेऊन गावाबाहेर जातात आणि कच्चे कोवळे बाकला, म्हणजे फावा बीन्स, शेंगा तिथेच सोलत पेकोरिनोच्या तुकड्याबरोबर खातात. एवढंच. ना ड्रेसिंग ना काही. कोवळ्या दाण्याचा गोडवा आणि चीजचा खारटपणा. (फावा बीन्स काही जणांना चालत नाहीत, जी सिक्स पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असेल तर ते धोक्याचे असतात, घरात कुणाला हे सांगितलेलं असेल तर तिकडे वळूच नका.) आपल्याकडे तेच काम सोलाणे करतात. अगदी कोवळे असतील तर कच्चेच, थोडे जून असतील तर लोखंडी तव्यावर अर्धा चमचा तेल टाकून मोठ्या आचेवर परता, तडतडायला लागतील, साल जागोजागी काळी पडेल आणि हुरड्यासारखा वास सुटेल तेव्हा उतरवा. गार झाले की कांद्याची पात, एखादी हिरवी मिरची, पुदिना, लिंबू आणि ते बरणीतलं पनीर हाताने कुस्करून. नागपुरी संत्र्याच्या मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतातच, त्यांच्या सोललेल्या चार फोडी यात घाला, मग लिंबू कमी करा. मी तर याच्यापुढे इम्पोर्टेड फेटा आणणार नाही.

चैत्रगौरीच्या आंब्याच्या डाळीत चीज घातलं तर कसं लागेल? मुलं खातील असं वाटतं. (रत्नागिरी)

नको हो. आंब्याची डाळ हेच आपलं वसंतातलं अस्सल सॅलड आहे, भिजवलेली वाटली डाळ, कैरीचा कीस, फोडणी, तिला कुणाच्या मदतीची गरज नाही. पण कैरी आणि खारं चीज यांचं छान जमतं हे मात्र खरं. कैरीच्या अगदी पातळ सळ्या, बिया काढलेली काकडी, भाजलेले शेंगदाणे अर्धवट कुटलेले, थोडा गूळ किसून, वर फेटा किंवा ते खारं पनीर. लिंबू अजिबात नाही, आंबटपणा कैरीचाच. हे मुलांना द्या आणि डाळ हळदीकुंकवाला राहू दे.

मी हॉस्टेलवर राहते, माझ्याकडे फक्त चीज क्यूब असतात. सॅलडमध्ये चालतील का की हसतील लोक? (ठाणे)

हसू देत. तू खा. आपल्या पिढीने वाढदिवसाला टूथपिकवर चीज, अननस आणि लाल चेरी खाल्लीये, तेही सॅलडच होतं एक प्रकारचं. क्यूब म्हणजे प्रोसेस्ड चीज, खऱ्या चीजमध्ये इमल्सिफाय करणारे क्षार घालून ते वितळवून परत घट्ट केलेलं असतं, म्हणून ते इतकं एकसारखं आणि मऊ. त्यात मीठही बरंच असतं, तेव्हा तुलाही तेच सांगणं, वरून मीठ नको. अडचण एवढीच की ते चिरलं की दाताला साबणासारखं चिकट लागतं. म्हणून क्यूब अर्धा तास फ्रीझरमध्ये टाक आणि मग बारीक किसणीवर किस, हलका कोरडा कीस पडतो. गोड फळाबरोबर ते जास्त खुलतं. आत्ता द्राक्षं स्वस्त आहेत, ती अर्धी चिरून, सफरचंद, कोबीचे बारीक उभे तुकडे, मिरपूड, लिंबू, आणि वर चीजचा कीस. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असेल तर तीही, पण ती खायच्या आधी पाच मिनिटं चीर, आधी चिरलीस तर सगळं गुलाबी होतं.

कॅप्रेसे सॅलडला (टोमॅटो आणि मोझरेलाचं ते इटालियन सॅलड) बेझिल लागतं, त्याऐवजी दारातली तुळस चालेल का? आणि मोझरेला म्हणून जे पिझ्झावालं ब्लॉक मिळतं तेच घ्यायचं का? (कोल्हापूर)

तुळस नको. देवाची म्हणून तर नकोच, पण चवीलाही नको, तुळशीला लवंगेसारखा तिखट उग्रपणा असतो आणि तो मोझरेलाच्या नाजूक चवीला खाऊन टाकतो. पण तुमच्या आसपास कुणाकडे सब्जाचं झाड असेल तर काम झालं. फालुद्यात जे बी घालतो ना, ते ज्या झाडाचं, ते आणि इटलीचं स्वीट बेझिल एकाच जातीचं झाड आहे, फक्त वाणात फरक. बी पेरलं तर कुंडीत आठवडाभरात उगवतं. कोवळी पानं घ्या, सुरीने चिरू नका, काळी पडतात, हाताने तोडा.

पिझ्झाचा ब्लॉक सॅलडला नको, त्यातलं पाणी मुद्दाम कमी केलेलं असतं, गार खाल्लं तर रबर. सॅलडला पाण्यात ठेवलेले पांढरे गोळे मिळतात ते, छोट्यांना बोकोन्चिनी म्हणतात, कोल्हापुरात शोधावे लागतील पण मोठ्या सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये असतात. गंमत बघा, इटलीत कॅम्पानिया भागातलं म्हशीच्या दुधाचं मोझरेला सगळ्यात मानाचं, 1996 पासून त्याच्या नावाला युरोपात संरक्षण आहे, आणि आपण जगात सगळ्यात जास्त म्हशीचं दूध काढतो आणि ते चहात ओततो. कोल्हापूरच्या माणसाला म्हशीच्या दुधाचं काय सांगायचं म्हणा, कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण पिणारी मंडळी तुम्ही.

आणि हो, हे एकच सॅलड आहे जिथे मीठ आधी घालायचं, पण टोमॅटोवर, चीजवर नाही. कारण ताज्या मोझरेलात मीठ नगण्य असतं. टोमॅटोच्या चकत्या ताटात पसरून मीठ भुरभुरा, दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी ओतून टाका, मग चीज, पानं, तेल. चीज फ्रीजमधून वीस-पंचवीस मिनिटं आधी काढा, बर्फासारखं गार असेल तर त्याला काही चवच लागत नाही.

आम्ही श्टुटगार्टला असतो. इथे वसंतात जिकडेतिकडे श्पार्गेल (म्हणजे अॅस्परॅगस) आणि बेअरलाउख (रानलसूण), पण ते बटर आणि हॉलंडेज सॉसमध्ये खाऊन कंटाळा आला. सॅलड कसं करायचं? जंगलात बेअरलाउख फुकट मिळतो तो आणू का? (जर्मनी)

शेवटचं आधी. जंगलातून आणू नका, निदान ओळखणारं कुणी अनुभवी सोबत नसेल तर नाहीच. बेअरलाउखची पानं लिली ऑफ द व्हॅली आणि हेर्ब्स्टत्साइटलोजं या दोन विषारी झाडांच्या पानांसारखीच दिसतात आणि त्याने माणसं दगावलेली आहेत. पान चुरगळून लसणाचा वास येतो का बघायचं असं सगळे सांगतात, पण दोन-तीन पानं चुरगळल्यावर तो वास तुमच्या बोटांनाच लागलेला असतो, मग पुढचं प्रत्येक पान लसणीच वाटतं. आठवडी बाजारात जुडी मिळते, ती घ्या.

आता श्पार्गेल. हिरवा घ्या, पांढरा सॅलडला मला फारसा आवडत नाही, तो मातीखाली झाकून वाढवलेला असतो आणि पूर्ण सोलून उकडावाच लागतो. हिरव्याचा खालचा लाकडासारखा भाग मोडून टाकला, खालचा एक तृतीयांश हिस्सा सोलला की बाकी कच्चाच खाता येतो. पीलरने शेंड्याकडे लांब पट्ट्या काढा, लिंबाचा रस आणि तेल चोळून पाच मिनिटं ठेवा, त्या मऊ होऊन वळतात. त्यात बेअरलाउखची दोनच पानं बारीक चिरून, जास्त घातलीत तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळेल, लाल मुळ्याच्या चकत्या, आणि वर जुनं कडक चीज पीलरनेच पातळ काढून. शाकाहारी असाल तर पाकिटावर मिक्रोबीलेस लाब, म्हणजे मायक्रोबियल रेनेट, लिहिलंय का बघा. आणि घाई करा, तिकडे श्पार्गेलचा मोसम 24 जूनला संपतो, त्यानंतर शेतकरी काढतच नाहीत, झाडाला पुढच्या वर्षासाठी बळ धरू देतात.

मला सहावा महिना चालू आहे, खूप सॅलड खावंसं वाटतं पण सगळे चीजला नाही म्हणतात. (मुंबई)

सगळ्या चीजला नाही म्हणायची गरज नसते. भीती असते लिस्टेरिया नावाच्या जंतूची, तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. ब्रिटनची आरोग्यसेवा एनएचएस सांगते ते असं, की पाश्चराइज्ड दुधाचं फेटा, मोझरेला, पनीर, आणि कडक चीज गरोदरपणात चालतं. टाळायचं ते पांढऱ्या बुरशीच्या सालीचं मऊ चीज, म्हणजे ब्री, कॅमेम्बेर, आणि मऊ निळं चीज, आणि कच्च्या दुधाचं कुठलंही मऊ चीज. सुट्टं पनीर कुठल्या दुधाचं आणि किती वेळ उघडं होतं ते कळत नाही, तेव्हा पाकीटबंद घ्या नाहीतर घरी करा. आणि चीजइतकीच काळजी पानांची, वाहत्या पाण्यात एकेक पान धुवा, बाहेरचं तयार सॅलड सध्या नकोच. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा, त्यांना तुमचं बाकीचं माहीत असतं.

ऑफिसला डब्यात नेलं तर दुपारपर्यंत लगदा होतो. आणि वजन कमी करायचंय तर चीज घालावं की नाही? (छत्रपती संभाजीनगर)

लगद्याचं कारण उलटं भरणं. तळाशी ड्रेसिंग, त्यावर कडक गोष्टी, गाजर, हरभरे, मुळा, मग चीज, आणि पानं सगळ्यात वर कोरडी, झाकण लावायच्या आधी पेपर नॅपकिनची घडी. खाताना ताटलीत उलटं करायचं. पण मार्च-एप्रिलमध्ये तुमच्याकडचा पारा काय असतो ते मी सांगायला नको, आणि ओलं चीज, पनीर बत्तीस अंशांच्या वर गेलेल्या हवेत तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. तेव्हा बर्फाची पिशवी तरी घाला नाहीतर ऑफिसचा फ्रीज वापरा, तेही जमत नसेल तर त्या दिवशी चीज नको, दाणे घाला.

वजनाबद्दल, माणशी तीस ग्रॅम फेटा म्हणजे साधारण ऐंशी कॅलरी, आणि ड्रेसिंगचा एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळजवळ एकशेवीस. लोक चीज मोजून घालतात आणि तेलाची बाटली मात्र हात उचलून ओततात! तेल चमच्याने मोजा, एका माणसाला एक छोटा चमचा पुरतो, त्यात अर्धं लिंबू आणि बोटभर मोहरीची पेस्ट किंवा कासुंदी घालून छोट्या बाटलीत खळखळून हलवलं की ते दाट होतं आणि थोडंसंही सगळ्या पानांना पुरून उरतं. चीज राहू द्या.